हेमलकशात बांबूची डबी: हत्यारं स्वस्त, थांबणं महाग

तंबाखूचे पाइप घडवायचे मनात असेल, तर हेमलकशात लाकडापाशीच घोडं अडतं. पाइपच्या वाटीला ब्रायरची गाठ लागते. ते झुडूप भूमध्य समुद्राकाठचं. आपला बांबू विस्तवापुढं टिकत नाही, फार तर नळीला चालतो. त्यापेक्षा शेजारच्या बस्तरातले मुरिया आदिवासी कोरायचे तशा तंबाखूच्या डब्या कराव्यात. गिऱ्हाईक त्यात बडीशेप ठेवील, तेच बरं.

कोयता, बारीक दातांची करवत, पटाशा, कानस आणि साधं ड्रिल मिळून पाच-सहा हजारांत भागतं. पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार आणि टोपली-चटईवाले दोघेही बसतात. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, हत्यारांसाठी १५,००० रुपयांचं ई-व्हाउचर आणि ५ टक्के व्याजानं पहिलं १ लाखापर्यंतचं कर्ज. एका कुटुंबातून एकालाच लाभ मिळतो; घरात सरकारी नोकरी असेल तर नाही. बांबूकाम शिकायला चंद्रपूरजवळ चिचपल्लीचं केंद्र आहे.

बांबू सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेकडून, वाहतूक पासासह घ्या. लेखा-मेंढा गावाला तो पास २०११ मध्ये मिळाला, तेव्हापासून ही वाट मोकळी झाली. भरीव मानवेल निवडा, तीन वर्षांचा, हिवाळ्यात तोडलेला. बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून सावलीत वाळवा. इथं घाई केली की डबी पुण्याच्या कोरड्या हवेत तडकते, नाहीतर कीड लागून पिठासारखी भुकटी पडते. म्हणजे पहिला माल हाती येईतो उन्हाळा लागतो. तोवरचा घरखर्च हाच या धंद्यातला सगळ्यात मोठा आकडा, आणि कर्जाच्या अर्जात नेमका तोच कुणी धरत नाही.

भाव असा काढा. रोजगार हमीची २०२५-२६ ची मजुरी ३१२ रुपये. दिवसाला दोन कोरीव डब्या झाल्या तर एकीची मजुरी १५६. बांबू, औषध, पॉलिश धरून वीसेक, पार्सलचे पन्नासेक. फुटतूट निराळी. अडीचशेच्या खाली देऊ नका. दुकानदार निम्म्यानं मागत असेल तर नमस्कार करून उठा. लोकबिरादरी प्रकल्प पाहायला येणारे पाहुणे हेमलकशातच भेटतात, त्यांना पार्सलही लागत नाही. बाहेरगावची मागणी मात्र पावसाआधी रवाना करा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता कधी बंद होईल सांगता येत नाही.