पॅकिंग बदलले, तरी ऑईल गळतेच?

जुनी पद्मिनी किंवा अॅम्बेसेडर गॅरेजमध्ये आली की मालकाची पहिली तक्रार ठरलेली असते. रात्री गाडी उभी केली त्या जागी सकाळी तेलाचा डाग दिसतो. बहुतेक ठिकाणी मग एकच उपाय होतो : इंजिनाची सर्व पॅकिंग बदलायची, शेलॅकचा जाड थर द्यायचा आणि बोल्ट जीव खाऊन आवळायचे. महिन्याभरात गाडी परत दारात. पॅकिंगचा संच फारसा महाग नसतो, पण दोन दिवसांची मजुरी फुकट जाते आणि गिऱ्हाईकही हातचे जाते.

या कामाकडे लक्ष देण्याचे आणखी एक कारण आहे. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ साली नोंदली गेली होती. वीस वर्षांची मर्यादा संपल्यावर, ऑक्टोबर २०२३ अखेर, या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. आता उरलेल्या गाड्या मुख्यतः हौशी मालकांकडे आहेत. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपेक्षा जुन्या व मूळ स्वरूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून वेगळी नोंद होते. असा मालक इंजिन बदलून मागत नाही, आहे तेच कोरडे करून मागतो, आणि नीट कामाचे पैसे देतो.

तेव्हा कारागीर बांधवांनी पाना उचलण्याआधी तेल कोठून येते ते शोधावे. तेल खाली उतरते आणि पंख्याचा वारा ते मागे ढकलतो. टॅपेट कव्हरची गळती त्यामुळे क्लच हाऊसिंगखाली दिसते, आणि विनाकारण गिअरबॉक्स उतरवला जातो. इंजिन रॉकेलने धुऊन कोरडे करावे, संशयाच्या जागी खडूची पूड मारावी आणि गाडी अर्धा तास चालवावी. सर्वांत वरची ओली रेघ हीच खरी जागा.

नंतर ब्रीदरची नळी पाहावी. रिंगा झिजल्या असतील किंवा ब्रीदर तुंबला असेल तर इंजिनाच्या पोटात दाब साठतो व तो कोणत्याही पॅकिंगमधून तेल बाहेर फेकतो. इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण काढावे. तेथून धुराचे लोट येत असतील तर मालकाला स्पष्ट सांगावे की हे काम रिंगांचे आहे. जुन्या १४८९ सीसी अॅम्बेसेडरची गोष्ट आणखी वेगळी. तिच्या क्रँकच्या मागच्या टोकाला रबरी सीलच नाही, तेल परत फिरवणारे आटे आहेत. तेथून येणारा थेंब पॅकिंगने थांबत नाही, हेही आधीच सांगून ठेवलेले बरे.

टॅपेट कव्हर आणि खालचे चेंबर पत्र्याचे असते. वर्षानुवर्षे आवळून बोल्टच्या भोकांभोवती पत्रा दबलेला असतो, मग कॉर्क मध्ये सैल आणि कडेला चिरडलेला राहतो. पत्रा ठोकळ्यावर धरून हलक्या हाताने सपाट करावा. कॉर्क थोडा दबला की थांबावे. सिलिकॉनची पेस्ट वापरलीच तर अगदी पातळ लावावी. आत फुटलेले तिचे तुकडे ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि गळती थांबवताना इंजिनच जाम होते.

हेडच्या पॅकिंगला मात्र घाई चालत नाही. पद्मिनीच्या १०८९ सीसी इंजिनाचा ब्लॉक बिडाचा व हेड अॅल्युमिनियमचे आहे. गरम असताना उघडले तर हेड वाकते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाहेरून मध्याकडे थोडे थोडे सैल करावे. साफ केल्यावर हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी व तिरकी धरून खाली फिलर गेज घालून पाहावा. गाडीचे पुस्तक हाताशी नसेल आणि ०.०५ मिलिमीटरची पात सहज आत जात असेल, तर हेड फेस करून घ्यावे. आपल्या नाशिककरांना यासाठी लांब जावे लागत नाही. अंबड व सातपूरच्या औद्योगिक वसाहतींत सुट्या भागांचे काम करणाऱ्या मशीन शॉपची वाण नाही. फक्त “सपाट होईल तेवढेच घ्या” असे चिठ्ठीवर लिहून द्यावे. जास्त घेतले की कॉम्प्रेशन वाढते आणि इंजिन ठोकू लागते.

येथे एक इशारा. जुन्या हेड पॅकिंगमध्ये तांब्याच्या दोन पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसात बसते आणि कित्येक वर्षांनी कर्करोग होऊ शकतो. म्हणून जुने पॅकिंग पाण्याने भिजवूनच खरवडावे. ड्रिलला तारेचा ब्रश लावू नये, हवेचा पाईप मारू नये, निघालेला चुरा पिशवीत बांधावा. खरवडायचे काम नेहमी शिकाऊ पोराला दिले जाते आणि तेच कपडे घालून ते घरी जाते. ही पद्धत बंद व्हायला हवी. नवे पॅकिंग अॅस्बेस्टॉसविरहित आहे याची दुकानातच खात्री करावी.

बसवताना ब्लॉकमधील बोल्टची भोके कोरडी हवीत. तळ बंद असलेल्या भोकात तेल वा पाणी राहिले तर बोल्ट आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. आवळणे मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने. अंदाजाने आवळणारा हात कितीही जुना असला तरी दोन बोल्टचा ताण सारखा येत नाही.

बिलात दोन रकमा वेगळ्या लिहाव्यात : पॅकिंगची, आणि हेड उघडल्यावर फेसिंग लागले तर त्याची. पाचशे किलोमीटरनंतर गाडी पुन्हा बोलवावी, थंड इंजिनावर हेड परत आवळावे व टॅपेटचे अंतर नव्याने लावावे, कारण हेड दबले की ते बदलते. या दुसऱ्या फेरीची मजुरी पहिल्याच बिलात धरलेली असावी.