पिल्लू मुद्दाम त्रास देतं का?

प्रश्न : आमचं देशी पिल्लू साडेतीन महिन्यांचं आहे. घरात कुठेही शू करतं, चपला कुरतडतं. रागावलो, शूवर नाक घासलं, तरी मुद्दाम करतं. काय करावं?
– एक वाचक, नालवाडी (जि. वर्धा)

उत्तर : मुद्दाम नाही हो! या वयात त्याला जेमतेम तीन-चार तास शू धरता येते. नाक घासल्याने ते एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर करायची नाही. मग पलंगाखाली करतं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच अंगणातल्या ठरावीक कोपऱ्यात न्या. तिथे केली की त्याच क्षणी शाबासकी आणि पोळीचा तुकडा. रात्रीही एकदा उठावं लागेल. घरातली जागा वास जाईपर्यंत धुवा. लसी पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर फिरवू नका, पार्व्हो या विषाणूजन्य आजाराची भीती असते.

दुधाचे 28 दात पडून 42 पक्के येण्याचा हा काळ. सहा-सात महिन्यांपर्यंत हिरड्या शिवशिवणारच. चपला, वायरी उचलून ठेवा. ओलं फडकं गाठ मारून फ्रिजमध्ये गार करा आणि समोर बसून चघळायला द्या. शिजवलेली हाडं नकोत. जुनी चप्पलही नको. नवी-जुनी त्याला काय कळणार? वारंवार थेंबथेंब शू होत असेल, तर मात्र पशुवैद्यकांना दाखवा.