पडद्याआडचे वादक, पडद्यासमोरची संचालिका

प्रश्न : पाश्चात्त्य वाद्यवृंदांत स्त्री वादक पुष्कळ दिसतात, पण बॅटन हाती घेऊन संचालन करणारी स्त्री विरळाच. असे का? आणि वादक निवडताना लावतात तो पडदा नोकरभरतीत का लावत नाहीत?

उत्तर : बॉस्टन सिंफनीने 1952 साली उमेदवारांना पडद्याआडून ऐकायला सुरुवात केली, पुढे इतरांनीही तेच केले. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येऊ नये म्हणून काही ठिकाणी गालिचा अंथरत. अमेरिकेच्या पाच अव्वल वाद्यवृंदांत 1970 साली 5 टक्क्यांहून कमी स्त्रिया होत्या, 1997 साली 25 टक्के. अर्थशास्त्रज्ञ क्लॉडिया गोल्डिन आणि सिसिलिया राउझ यांनी वादक-निवडीच्या जुन्या नोंदी तपासून या वाढीचे काही श्रेय पडद्याला दिले. त्यांचे काही निष्कर्ष संख्याशास्त्रात डळमळीत ठरतात, हा नंतरचा आक्षेप मला रास्त वाटतो.

संचालकाला मात्र पडद्याआड बसवता येत नाही. त्याचे वाद्य म्हणजे समोरचा अख्खा वाद्यवृंद; तो सरावाला मिळालाच नाही तर शिकायचे कशावर? आणि तो मिळणार कोणाच्या तरी मर्जीने. अँटोनिया ब्रिको यांनी 1930 साली बर्लिन फिलहार्मोनिकचे संचालन केले, तरी मोठ्या वाद्यवृंदाचे कायमचे पद त्यांना कधीच मिळाले नाही. शेवटी 1934 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये स्त्रियांचाच वाद्यवृंद उभारला. असे संगीत संचालकपद मॅरिन ऑलसॉप यांना बाल्टिमोर सिंफनीत मिळाले ते थेट 2007 साली. तरुण संचालिकांना प्रत्यक्ष संचालनाची संधी मिळावी म्हणून त्यांनी 2002 मध्येच शिष्यवृत्ती सुरू केली होती. माझ्या मते या वाटेवर पडद्यापेक्षा अशी शिष्यवृत्तीच अधिक उपयोगी आहे.

नोकरभरतीत पडदा लावून पाहिला तो फ्रान्सने. 50 हून अधिक कर्मचाऱ्यांच्या कंपन्यांनी निनावी अर्ज घ्यावेत असा कायदा तिथे 2006 साली झाला. तो प्रत्यक्षात अमलात आलाच नाही; दरम्यान अर्थशास्त्रज्ञांनी काही कंपन्यांमध्ये प्रयोग केला आणि निकाल उलटा आला: नाव झाकल्यावर स्थलांतरित कुटुंबांतल्या उमेदवारांना मुलाखतीची बोलावणी कमी आली. प्रयोगात स्वखुशीने आलेल्या कंपन्या बहुधा आधीपासूनच अशा उमेदवारांच्या अर्जातल्या उणिवा समजून घेत असाव्यात. नावाबरोबर ती सवलतही गेली. सरकारने 2015 साली सक्ती काढून टाकली.