मुंबईचे सांडपाणी आणि आपला कालवा



शहराच्या सांडपाण्याशी ऊसवाल्याचा काय संबंध, असे कोणीही विचारील. संबंध आहे, आणि नागभीडकडच्या सभासदांशी तर फारच आहे. पण तो कळायला आधी मुंबई पाहू.

मुंबईत मोरी-संडासाचे पाणी जमिनीखालच्या नळांनी सात विभागांत गोळा होते. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, घाटकोपर आणि भांडुप. वरळी-वांद्र्याला वर्षानुवर्षे काय केले, तर पाणी जाळीतून काढून चिंध्या-कचरा अडवला, वाळू खाली बसू दिली, आणि समुद्रतळाखालच्या बोगद्यातून किनाऱ्यापासून सुमारे ३ किलोमीटर आत सोडून दिले. झालं! विरघळलेली घाण तशीच गेली. ती जिरवायचे काम भरती-ओहोटीवर.

भांडुप-घाटकोपरचे पाणी ठाण्याच्या खाडीत जाते. खाडीला समुद्राएवढे पोट नाही, म्हणून तिथे पाणी तलावात साठवून यंत्राने हवा घालण्याची सोय केली.

हवा कशाला, हे आपल्याला चटकन समजेल. मळीचे पाणी नाल्यात गेले की मासे तडफडून वर येतात, ते विषाने नव्हे. गोड घाणीवर जंतू तुटून पडतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. जंतूंना किती प्राणवायू लागेल, त्या मापाला बी.ओ.डी. म्हणतात. सर्वसाधारण सरकारी मानकांत ही मर्यादा नदी-नाल्यासाठी लिटरला ३० मिलिग्रॅम, तर समुद्रासाठी १०० आहे. साखर कारखान्यालाही नाल्यात सोडायचे तर ३० चाच नियम.

समुद्राचा भरवसाही पुरला नाही. जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत सात नव्या शुद्धीकरण केंद्रांची पायाभरणी झाली. एकूण क्षमता दिवसाला सुमारे २४६ कोटी लिटर.

आता आपल्याकडे या. नागपूरला समुद्र नाही. भांडेवाडीला शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या वीजकेंद्राला जाते, ही चांगली गोष्ट. पण शुद्ध न झालेले पाणीही नाग नदीत उतरते. नाग कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि पुढे गोसेखुर्दचे धरण. त्याच धरणाच्या उजव्या कालव्यावरून घोडाझरी शाखा कालवा आपल्या भागाकडे येतो. म्हणजे नागपूरच्या सांडपाण्याची वाट आपल्या धुऱ्यापर्यंत पोचते.

आता उभ्या उसाला बी.ओ.डी.चे फारसे भय नाही. जमीन ती घाण पचवते. भय आहे ते माशांना आणि पिणाऱ्यांना. उसाचा प्रश्न निराळा. सांडपाण्यात नत्र आणि क्षार असतात. कालव्यात जलपर्णी माजते ती याच नत्र-स्फुरदावर. लागणीच्या उसाला नत्र मानवते, पण मोठ्या बांधणीनंतरही पाण्यातून मिळत राहिले तर ऊस हिरवागार राहतो, पक्व होत नाही आणि उतारा घसरतो. शेजाऱ्याचा ऊस काळाभोर दिसतो म्हणून हुरळून जाऊ नका, बरं का. वजन मिळेल, साखर नाही.

तेव्हा कालव्याचे पाणी घेणाऱ्यांनी युरियाचा हिशेब करण्याआधी पाणी तपासून घ्यावे. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी, काठाचे नव्हे तर वाहत्या धारेतले पाणी काठोकाठ भरावे, बूच घट्ट लावून गाव, गट नंबर व तारीख लिहावी आणि त्याच दिवशी शेतकी खात्याकडे पोचवावी. उन्हात ठेवलेला नमुना निरुपयोगी ठरतो.