उतरणीची तयारी

गडावर जाऊन आलेल्या माणसाला आपण विचारतो, “चढताना फार दमलात का?” उतरताना काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही. पण पाय पुष्कळदा दगा देतात ते उतरणीवरच!

काही वर्षांपूर्वी आम्ही सहाजण बारी गावातून कळसूबाईला गेलो होतो. १,६४६ मीटर उंचीचे हे महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. लोखंडी शिड्या चढून आम्ही दुपारी माथा गाठला. सर्वांत पुढे होता तो रोज सपाट रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालणारा आमचा एक मित्र. परंतु परतीची निम्मी वाट होते न होते तोच त्याच्या मांड्या लटलट कापू लागल्या. मग तो दर दहा पावलांवर बसू लागला. खाली गावात दिवे लागले, तरी आम्ही त्याला आधार देत वाटेतच होतो. अंधारात शिडीची प्रत्येक पायरी चाचपावी लागत होती. त्या वेळी आमच्यापैकी कोणाच्याही तोंडून शब्द निघत नव्हता.

असे का व्हावे? चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि शरीर वर उचलतो. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतो आणि तशा स्थितीत त्याला शरीराचा भार आवरून धरावा लागतो. गच्चीवरून दोराने ओझे सावकाश खाली सोडणाऱ्या माणसाच्या हातांची जी अवस्था होते, तीच येथे मांड्यांची होते. उतरताना दम फारसा लागत नाही. त्यामुळे श्रम ध्यानातच येत नाहीत. स्नायूंच्या तंतूंना मात्र बारीक इजा होते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणेही नकोसे वाटते. गमतीची गोष्ट अशी, की या श्रमातून एकदा गेलेला स्नायू पुढच्या खेपेस बराच कमी दुखतो. तेव्हा ही सवय त्याला घरीच लावावी, हे उत्तम.

त्यासाठी साधी पायरी पुरे. पायरीवर एका पायावर उभे राहावे, हवा तर भिंतीचा आधार घ्यावा, आणि दुसरा पाय पुढून सावकाश खाली न्यावा. मनात पाच अंक मोजून होईपर्यंत टाच जमिनीला लागू देऊ नये. पाऊल धपकन पडले, तर स्नायूने हात टेकले असे समजावे! गुडघा पावलाच्या रोखाने वाकावा, आत झुकू नये. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा केले म्हणजे झाले. बैठकाही अशाच काढाव्यात. तालमीतील पहिलवान त्या शेकड्याने काढतात. आपल्याला पंधरा पुरेत, पण खाली जाणे संथ हवे. पोटऱ्यांसाठी पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा उचलाव्या व हळूहळू खाली आणाव्या. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विसावा देऊन, हा व्यायाम करावा. गुडघ्याच्या सांध्यातच दुखू लागले, तर मात्र थांबावे. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दोन बाटल्या घालावयाच्या, त्या तीन-चार आठवड्यांनंतरच.

आमच्या त्या मित्राने पुढच्या वर्षी सहा आठवडे घराच्या ओट्याची पायरी सोडली नाही. शेजारी हसत. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा कळसूबाईला गेलो. उतरताना तो मागे राहिला खरा, पण करवंदीच्या जाळीत अडकलेली माझी टोपी सोडविण्यासाठी! बारीत पोहोचलो, तेव्हा ऊन अजून डोंगरावर होते.