एकाला पाठीत, दुसऱ्याला बरगडीखाली

प्रश्न : सासूबाईंचं आणि चुलत सासऱ्यांचं, दोघांचंही पित्ताशय खड्यांमुळे दुर्बिणीतून काढलं. नंतर दुखू नये म्हणून सासूबाईंना पाठीत सुई दिली, सासऱ्यांना पोटाला. यातली बरी कोणती? आणि सुई घेऊनही सासूबाईंचा उजवा खांदा दोन दिवस का ठणकत होता?
– एक वाचक, जयसिंगपूर

उत्तर : आधी पाठीच्या सुईची भीती घालवू. सिझेरियनला देतात ती मणक्यातली भूल ही नव्हे. तिथं औषध मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जातं. इथं ते पाठीच्या लांबट स्नायूखाली, मणक्याच्या बाजूला आलेल्या हाडाच्या टोकाशी सोडतात. ही रीत २०१६ साली पुढे आली, त्यामुळे पाहुण्यारावळ्यांत ती कुणी ऐकलेली नसते.

पोटाच्या सुईला डॉक्टर 'टॅप ब्लॉक' म्हणतात. पोटाच्या भिंतीतल्या दोन स्नायूंच्या मधून नसा जातात, त्यांना तिथंच गाठायचं. मात्र सुई कुशीत दिली तर मुख्यतः बेंबीखालचा भाग बधिर होतो, आणि पित्ताशयासाठीची भोकं असतात बेंबीपाशी नि तिच्या वर. म्हणून ती बरगडीच्या कडेखाली देतात. दोन्ही सुया सोनोग्राफीच्या पडद्यावर बघतच टोचतात.

भोकांचं दुखणं दोन्हींनी कमी होतं. पाठीतलं औषध नसांच्या मुळाशी झिरपलं तर आतल्या दुखण्यालाही आवर बसावा, अशी आशा असते. पण ते प्रत्येकात सारखं झिरपत नाही. त्यामुळे तुलनांमध्ये पाठीची सुई कधी थोडी पुढे, कधी बरोबरीत. माझं विचाराल तर भूलतज्ज्ञाचा हात जिच्यावर बसलाय ती घ्यावी. दोन्हींचा असर काही तासांचाच, म्हणून पॅरासिटामॉलसारख्या गोळ्या वेळेवर घ्याव्या लागतातच. रात्री दुखायला लागलं म्हणजे ऑपरेशन बिघडलं, असं लगेच समजू नये.

राहिला खांदा. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली भारतात हे ऑपरेशन दुर्बिणीतून पहिल्यांदा केलं, तेव्हापासूनचा हा पाहुणा. आत दिसावं म्हणून पोट कार्बन डायऑक्साइडने फुगवतात. त्याने छाती-पोटामधला पडदा ताणतो, चिडतो. या पडद्याची नस निघते मानेतून, आणि खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच. वायरमनने दोन खोल्या एकाच बोर्डाला जोडाव्यात तसं! मेंदू फसतो; दुखतो पडदा, कळ खांद्यात. सुई बसली पाठीत किंवा पोटाला, मानेतली ही वाट मोकळीच राहते. वायू शोषला गेला की दोन-तीन दिवसांत हे दुखणं जातं. सोबत धाप लागली किंवा छातीत दाटलं, तर मात्र वायूवर ढकलू नका, डॉक्टरांना लगेच कळवा.