गुऱ्हाळावर ये, तक्ता घरी ठेव

कोल्हापूर

चि. सोनू,


अकरावीच्या जैवरेणूंच्या धड्याचा तक्ता करून तू भिंतीवर लावलास, असं ताईनं सांगितलं. कर्बोदकं, प्रथिनं, मेद, न्यूक्लिक आम्लं. चार रकाने आणि प्रत्येकाखाली कामांची यादी. पाठांतराला माझी ना नाही, नावं तोंडपाठ हवीतच. पण तक्ता पाठ झाला म्हणजे धडा कळला, असं धरून चालू नकोस. रेणू कुठलाही असो, त्याला दोन प्रश्न विचारायची सवय लाव. तुला बांधतं कोण? आणि तोडतं कोण?

या सुट्टीत इकडे ये. गुऱ्हाळं सुरू झालीत. शाहू महाराजांनी 1895 साली शाहूपुरीची पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी आणि 2014 साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे तुला ठाऊक असेल. मला तुला दाखवायची आहे ती काहील आणि तिच्याखालचं चुलवाण. काहिलीत रस उकळतो, त्यातली साखर म्हणजे सुक्रोज: एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज यांची जोडी. खाली जळतं ते चिपाड. चिपाडातलं सेल्युलोजही ग्लुकोजचंच, हजारो एकापुढे एक जोडलेले. तुझ्या भाकरीतला स्टार्चसुद्धा ग्लुकोजचाच. फरक इतकाच, की ग्लुकोजचे दुवे कुठल्या बाजूनं जुळलेत. स्टार्चचा दुवा आपल्या लाळेतलं एन्झाइम तोडतं, म्हणून भाकरी बराच वेळ चावली की गोड लागते. सेल्युलोजचा दुवा तोडणारं एन्झाइम आपल्याकडे नाहीच. म्हशीकडेही नाही, तिच्या पोटातल्या सूक्ष्मजीवांकडे आहे. म्हणून उसाचं वाढं म्हशीपुढे पडतं आणि त्याचं दूध होतं. आपण तेच वाढं खाल्लं, तर निव्वळ चोथा पोटातून जाईल. ‘कर्बोदके: ऊर्जा’ एवढंच लिहिलेल्या रकान्यात हे कुठं बसवणार?

आता प्रथिनं. गुळव्या रसात थोडा चुना घालतो आणि रानभेंडीची ताटं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी ओततो. रस तापला की त्यातली प्रथिनं गोठतात, भेंडीचा चिकट भाग गाळ धरून ठेवतो आणि सगळी मळी वर येते. ती झाऱ्यानं काढत राहावी लागते. चुन्यानं रसाचा आंबटपणा कमी होतो. तो तसाच राहिला तर उकळताना सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे होतात. पण चुना जास्त झाला की गूळ काळा पडतो. यात गुळव्याची नजर आणि हात दोन्ही लागतात.

तोडलेला ऊस पडून राहिला की काय होतं, हे त्याला मुद्दाम विचार. तो सांगेल, गूळ नीट बसत नाही, मऊ राहतो. त्यामागे इन्व्हर्टेज आहे. उसाच्या पेशीतलंच हे एन्झाइम, म्हणजे प्रथिन. ऊस तोडल्यावरही ते आपलं काम करतच राहतं आणि सुक्रोजची जोडी फोडतं. फ्रुक्टोज हवेतलं पाणी ओढून घेतं, मग ढेप पाझरते. तुझ्या तक्त्यातल्या एका रकान्यानं दुसऱ्याला कसं तोडलं, ते इथं डोळ्यांनी दिसतं.

मेदाचं थोडक्यात सांगतो. उसाच्या पेऱ्याजवळ पांढरी भुकटी असते, नखानं खरवडून बघ. ते मेण, पाणी उडून जाऊ नये म्हणून उसानं स्वतःवर चढवलेलं. पाक फेसाळून काहिलीबाहेर येऊ लागला की त्यात थोडं तेल सोडतात आणि फेस बसतो. पाणी आणि तेल यांचं न जमणं दोन्हीकडे कामाला येतं. पेशीचं आवरणही त्याच गुणावर उभं आहे.

न्यूक्लिक आम्लांबद्दल मुलांची एक गैरसमजूत असते, की डीएनएमध्ये साखर बनवण्याची कृती लिहिलेली असते. तसं नाही. तिथं प्रथिनं आणि आरएनए यांचीच कृती असते. साखर बनवतात ती प्रथिनं. को 86032 या वाणाचं बेणं लावलं की शेतातल्या प्रत्येक डोळ्यातून तोच ऊस येतो, कारण प्रत्येक कांडीत तोच डीएनए आहे. उसाच्या पेशीत शंभराहून जास्त गुणसूत्रं असतात, आपल्या पेशीत 46. आणि त्या डीएनएच्या कण्यातही साखरच बसलेली आहे, डीऑक्सिरायबोज. सांग बरं, आता तिला कुठल्या रकान्यात घालशील?

पाक साधारण 118 अंशांवर गेला की गुळव्या त्याचा थेंब गार पाण्यात टाकून गोळी वळून बघतो. तेव्हा त्याच्या शेजारी उभी राहा, मध्ये बोलू नकोस. प्रश्न काहील उतरल्यावर विचार. वही आण, सुती कपडे घाल आणि काहिलीपासून दोन हात लांब राहा.

तोवर एक प्रश्न तुझ्यावर सोपवतो. म्हशीच्या दुधातली साखर सुक्रोज नाही, लॅक्टोज आहे. वाढ्यात तर लॅक्टोज नसतं. मग ते बांधलं कुणी आणि कुठं? पुस्तक उघडून शोध, उत्तर पत्रात लिही.

ताईला आणि दाजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा